मी दुरुस्त केलेले दहा रेकॉर्डर

जून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक वाद्य घ्यायला येत नाही, यादी पुरी करायला येतं. हातात शाळेचा छापील कागद असतो. वह्या, कव्हरं, बूट, पाण्याची बाटली, सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा झालेल्या असतात आणि तळाशी एकच ओळ उरलेली असते: रेकॉर्डर, एक नग. मूल पहिलीत चाललेलं, आई घामाघूम, बाप दाराबाहेर स्कूटर चालू ठेवून उभा. "द्या पटकन एक," असं म्हणतात. चप्पल घेताना निदान मुलाला पाय तरी पुढे करायला लावतात. इथे ज्याने ते वाद्य वाजवायचं ते मूल दाराशीच उभं असतं, त्याला कुणी काही विचारत नाही.

गंगापूर रोडला माझं वाद्यांचं दुकान छत्तीस वर्षं होतं. आता ते भाचा बघतो आणि मी सकाळी दोन तास जाऊन त्याच्या कामात लुडबुड करतो. पाटीवर नाव काहीही असलं तरी लोकांत माझी ओळख पेटीवाले काका, म्हणजे हार्मोनियम दुरुस्त करणारा. पेटीच्या आत पितळेच्या पट्ट्या असतात, त्यांना आम्ही सूर म्हणतो. पट्टी टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. काम एवढंच, पण ते कानाने करायचं. जुन्या नाशकातल्या कादरचाचांनी मला पहिली दोन वर्षं पट्टी घासायच्या कानशीला हात लावू दिला नाही, नुसतं ऐकायला बसवलं. त्यामुळे माझा कान पक्का, असं मी स्वतः मानत आलो आणि चारचौघांत सांगतही आलो. पुढे जो घोळ झाला त्याचं मूळ या अभिमानात आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

ज्यांनी रेकॉर्डर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही फूटभर लांबीची, उभी धरायची, प्लास्टिकची बासरी. पुढे सात भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. तोंडाशी शिट्टीसारखी खाच असते. बासरीवर पहिला सूर निघायला नवशिक्याचा महिना जातो, यात पहिल्या फुंकरीलाच निघतो, आणि घरच्यांचे हाल तिथपासूनच सुरू होतात. एका आजोबांनी मात्र यात आवाज भरायचा कुठून आणि सेल कुठे घालायचे, असं मला विचारलं होतं.

तर हा निवडायचा कसा? मी मुलाला स्टुलावर बसवायचो आणि पहिल्यांदा बोटं बघायचो. बोटाच्या टोकाने भोक झाकत नाही, पेराच्या मऊ भागाने झाकतं. लहान मुलाची करंगळी शेवटच्या भोकापर्यंत पोचत नाही, म्हणून तीन तुकड्यांचा रेकॉर्डर घ्यावा. खालचा तुकडा थोडा फिरवला की करंगळीला जागा मिळते. लाकडी घेऊ नये. एका डॉक्टर जोडप्याने सहा वर्षांच्या चिरंजीवांसाठी हट्टाने परदेशी लाकडी मागवला होता. चिरंजीवांनी आठ दिवसांत त्याचं तोंड पेन्सिलीसारखं चावून ठेवलं. डावा हात वर आणि उजवा खाली धरायचा. यावरून एक आजीबाई माझ्याशी कडाकडा भांडल्या होत्या. शुभकामाला डावा हात पुढे करू नये हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही का, असं त्यांनी मला विचारलं. फुंकर अशी घालायची की मेणबत्तीची ज्योत वाकेल पण विझणार नाही. आणि जत्रेतला रंगीत, मागे भोक नसलेला घेऊ नये. तो खेळणं म्हणून ठीक आहे, पण वर्गात त्याचा उपयोग नाही.

आणखी एक पद्धत आमची. प्रत्येक रेकॉर्डर मी स्वतः वाजवून तपासल्याशिवाय विकायचो नाही. पूर्वी हे मी गिऱ्हाइकासमोरच करायचो. एकदा एका बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाजवायचा थांबलो.

"म्हणजे तुमचं उष्टं माझ्या मुलीने तोंडात घालायचं?"

त्यांचं चूक नव्हतं. तेव्हापासून माल आला की मी सगळे नग एका बैठकीत वाजवायचो आणि माझी बायको मंदा ते कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन खिडकीत टॉवेलवर वाळत घालायची. गिऱ्हाइकाला फक्त वाळलेले दिसायचे.

चार वर्षांपूर्वी मुंबईच्या व्यापाऱ्याकडचा आमचा नेहमीचा माल संपला आणि त्याने दुसऱ्या बनावटीचे दहा रेकॉर्डर पाठवले. क्रीम रंगाचे, दिसायला झकास, सोबत कापडी पिशवी. मी बैठक मारली आणि वाजवायला सुरुवात केली. वरचे सूर उत्तम. पण खाली 'म' आला आणि मी दचकलो. शुद्ध मध्यमाच्या वर आणि तीव्र मध्यमाच्या खाली, असा कुठेच न बसणारा तो चढा सूर होता. दुसरा उचलला, तोही तसाच. दहाच्या दहा तसेच!

आता ज्याला वाद्य नुसतं विकता येतं, त्याने काय केलं असतं? खोका बांधून परत पाठवला असता. पण मी पडलो सूर लावणारा. बेसूर वाद्य समोर आलं की माझ्या हाताला चैन पडत नाही. मी विचार केला, शाळा चार दिवसांवर आलीय, परत पाठवून नवा माल यायला दोन आठवडे. मग मी पाकिटं सील करायची लाख स्पिरिटमध्ये पातळ केली आणि खालून तिसऱ्या भोकाच्या आत तिचा बारीक थर दिला. भोक लहान झालं की सूर उतरतो. थर वाळला की वाजवायचं, कमी वाटला तर आणखी एक. दोन दिवस मी तेवढंच करत होतो. शेवटी दहाही रेकॉर्डरांचा मध्यम माझ्या पेटीच्या मध्यमाशी असा जुळला की मी मंदाला हाक मारून ऐकवला. कारखान्यातल्या लोकांना कान नसतात, असंही वर म्हणालो.

त्याच आठवड्यात पिंपळगाव बसवंतचे आप्पा नातीला घेऊन आले. कोल्ड स्टोरेजमध्ये मुकादमी करून निवृत्त झालेले, पांढरा पायजमा-सदरा, डोक्यावर टोपी. मुलगा आणि सून तिकडे द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये कामाला. नातीला नाशिकच्या इंग्रजी शाळेत घालायचं म्हणून आप्पा आणि त्यांची बायको गंगापूर रोडला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिले होते. नातीचं नाव ईश्वरी. सहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि तोंडातून शब्द नाही.

"निवांत बघा शेठ," आप्पा म्हणाले. "आपल्याला काय घाई नाय. तिला जुळंल असा द्या."

छत्तीस वर्षांत हे वाक्य मी किती थोड्या लोकांकडून ऐकलं! मी खूश झालो. ईश्वरीला स्टुलावर बसवलं, बोटं पाहिली, करंगळीसाठी खालचा तुकडा फिरवून दिला. मग गंमत म्हणून तिला डोळे मिटायला सांगितलं आणि पेटीवर दोन सूर वाजवले, कुठला उंच ते विचारलं. तिने बरोबर सांगितलं. मी दोन्ही सूर आणखी जवळ आणले, मग आणखी जवळ. ती एकदाही चुकली नाही.

"आप्पा, पोरीला कान आहे बरं का," मी म्हणालो.

आप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. ईश्वरी पहिल्यांदाच हसली आणि क्रीम रंगाचा एक रेकॉर्डर पिशवीत घालून घेऊन गेली.

गणपती उठले, त्याच्या पुढच्या आठवड्यात ते दोघं परत आले. या वेळी ईश्वरी आजोबांच्या मागे उभी होती.

"हे परत घ्या शेठ," आप्पांनी पिशवी काउंटरवर ठेवली. "पैशाचं काय नाय. पण पोर याला आता हात लावीना. दोन महिने लय गोडीनं वाजवायची, वर्गात पहिली होती. आता सगळी पोरं एक वाजवत्यात अन् हिचं भलतंच निघतं. पोरं हसत्यात. टीचर बोलली, तेवढ्या सुराला तू फुंकू नको, नुसती बोटं ठेव. कालपासून म्हणती मला पिंपळगावलाच जायचं. इथली शाळा नको."

"कुठला सूर चुकतो, बाळा?" मी विचारलं. तिने अगदी हळू सांगितलं, "एफ." एफ म्हणजे आपला मध्यम. शाळेत सुरुवात वरच्या नी-ध-पपासून करतात, म्हणून दोन महिने तो सूर आलाच नव्हता.

मी रेकॉर्डर पुसला आणि वाजवला. सा, रे, ग, म. मध्यम चोख, जूनमध्ये लावला तसाच. मग तिला वाजवायला दिला. तिने वाजवला आणि मध्यम खरंच खाली पडला, चांगलाच खाली. पुन्हा वाजव म्हटलं. पुन्हा तेच. तिचे कान लाल झाले.

इथे मी जे बोललो ते लिहायला आजही जड जातं. रेकॉर्डर माझ्या हाताने लावलेला, त्यात खोट निघणं मला शक्यच वाटत नव्हतं. मी आप्पांना म्हणालो, "वाद्यात काही दोष नाही, आप्पा. सूर सगळ्यांनाच साधतो असं नाही. नका जबरदस्ती करू."

पोर समोर उभी होती. तिने मान हलवली, एखादी गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक होती अशी. मी रेकॉर्डर ठेवून घेतला, ते दोघं गेले.

मंदा काउंटरच्या आत शिवणाचं काम घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. दुपारी जेवताना माझ्या पानात आमटी वाढत म्हणाली, "मला शाळेत बाईंनी सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस. सात वर्षांची होते मी."

हे मला माहीत होतं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, मंदाला मी कधी गाताना ऐकलं नाही. गणपतीच्या आरतीला ती टाळ्या वाजवते, ओठ हलवते. मुलांना अंगाईसुद्धा तिने बोलल्यासारखी म्हटली. तिचा आवाज खरोखर बेसूर आहे की नाही, हे तिने कधी कुणाला कळूच दिलं नाही.

"आज तुम्ही तेच केलंत," ती म्हणाली. "वर आधी स्वतःच तिला कान आहे म्हणून सांगितलं होतंत. एकदा काय ते ठरवा तरी."

तिचं म्हणणं खरं होतं. दोन सुरांतला केसाएवढा फरक ओळखणारी पोर तीन महिन्यांत बेसूर कशी होईल? मी हात धुऊन तसाच दुकानात गेलो आणि तिने बोटं कशी ठेवली होती ते आठवून पाहायला लागलो. आणि एकदम लक्षात आलं. मध्यम काढताना मी उजव्या हाताची तर्जनी ठेवतो आणि बाकी तीन बोटं उचलतो. ही पोर फक्त मधलं बोट उचलत होती, करंगळीसुद्धा भोकावर दाबून! मी तिच्यासारखी बोटं ठेवून वाजवलं. मध्यम धपकन खाली.

मला इतकं हायसं वाटलं म्हणता! पोरीचा सूर चुकत नव्हता, बोटं चुकत होती. म्हणजे शिकवणारीच चुकीचं शिकवत होती. हल्ली कुणीही संगीतशिक्षक होतं, असं स्वतःशी म्हणत मी दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, रेकॉर्डर खिशात खोचून, त्या शाळेत जाऊन धडकलो.

टीचर अगदी तरुण निघाल्या, निफाडच्या. मी आलो हे पाहून त्यांना बरंच वाटलं.

"बरं झालं काका आलात. मलाही त्या ईश्वरीचं कोडं सुटत नाहीये. बाकी सगळे सूर तिचे इतके छान आहेत!"

"कोडं काही नाही, मॅडम," मी म्हणालो. "तुम्ही मध्यमाची बोटं चुकीची सांगताय." आणि मी त्यांना माझी पद्धत दाखवली. एकेक बोट उचलत गेलं की एकेक सूर चढतो, बासरीचा साधा हिशेब, पेटीवाल्यालाही कळणारा.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी स्वतःचा रेकॉर्डर काढला, फक्त मधलं बोट उचलून मध्यम वाजवला. तो अगदी जागेवर होता. मग म्हणाल्या, "आता तुमच्या पद्धतीने वाजवते हं," आणि माझ्यासारखी तीन बोटं उचलून वाजवला.

तो सूर मी ओळखला. शुद्धाच्या वर, तीव्राच्या खाली. जूनमध्ये दहा वेळा ऐकलेला तोच चढा मध्यम.

"काका, रेकॉर्डरचे दोन प्रकार येतात," त्या समजावून सांगू लागल्या. "एकात तुम्ही म्हणता तशी बोटं चालतात. सुरुवातीला सोपं पडतं, पण पुढे तीव्र मध्यम वगैरे अडतात. दुसऱ्यात मध्यमाची बोटं अशी मधलं सोडून ठेवायची. यंदापासून आमच्याकडे आणि बाकी बऱ्याच शाळांतही दुसरा प्रकार चालतो. भोकांच्या मापात फरक असतो ना, त्यावरून ओळखायचा. दाखवा बरं ईश्वरीचा."

मी दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, भोकाला डोळा लावला, नखाने आत खरवडलं.

"हा आहे आमच्याच प्रकारचा. पण काका, या भोकात हे काय भरलंय?"

कारखान्यातूनच तसा आला असेल, असं म्हणायला जीभ वळवळली, खोटं कशाला सांगू. त्या बाईंना ते पटलंही असतं, आणि पेटीवाल्या काकांच्या कानाची इभ्रत शाबूत राहिली असती. पण मग त्या पोरीने मान हलवली होती ती आठवली.

"लाख आहे," मी म्हणालो. "मी भरली. मला वाटलं, बेसूर आहे."

छत्तीस वर्षं सगळा माल एकाच प्रकारचा विकला, आणि दुसरा प्रकार असतो हे मला ठाऊक नव्हतं. वाद्य बरोबर होतं, त्याला चुकीच्या बोटांनी वाजवणारा मी, आणि माझी चूक लपावी म्हणून जणू वाद्यच बिघडवून बसलो होतो. मी लावलेल्या रेकॉर्डरवर बरोबर वाजवणारं प्रत्येक मूल बेसूर ठरणार होतं. टीचर हसू लागल्या. पण चिडून नाही, सुटल्यासारख्या. "म्हणजे तिचं काहीच चुकत नव्हतं!" त्या म्हणाल्या. "आणि मी तिला फुंकू नको म्हणाले हो." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, मी ते चष्मा पुसण्याच्या निमित्ताने आवरले.

त्या संध्याकाळी आप्पांच्या खोलीवर जाऊन मी दोघांना दुकानात घेऊन आलो. ईश्वरीला स्टुलावर बसवलं आणि स्वतः समोर खाली बसलो, म्हणजे तिला वर मान करावी लागू नये.

"मी चुकलो," मी तिला सांगितलं. "तुझा सूर बरोबर होता. रेकॉर्डर मी बिघडवला होता."

"तुम्ही? कशाला?" तिने विचारलं. तीन भेटींतला हा तिचा सगळ्यात मोठा संवाद.

"मला वाटलं, मला सगळं कळतं."

तिने यावर थोडा विचार केला. "मग मी बेसूर नाही?"

"नाही. अजिबात नाही."

मंदाने काडेपेटीच्या काड्यांना कापूस गुंडाळून दिला. स्पिरिटमध्ये बुडवून भोकाच्या आत फिरवलं की लाख सुटते. मी ईश्वरीलाच ते करायला लावलं. तिने जीभ बाहेर काढून पाचसहा काड्या तपकिरी केल्या. रेकॉर्डर धुतला, पुसला. तिने तोंडाला लावला, मधलं बोट उचललं, आणि मध्यम आला. नंतर तिने तो किती वेळा वाजवला ते मी मोजलं नाही. शेजारच्या दवाखान्याचा कंपाउंडर बघून गेला. आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि टोपीने तोंड पुसत होते.

"शेठ, काल रात्री पोर जेवली नव्हती," ते नंतर म्हणाले. रागाने नाही, नुसतं सांगितलं. मी हात जोडले. त्यांनी माझे हात खाली केले.

आता प्रश्न उरला बाकीच्यांचा. दहातला एक दुकानात पडून होता, आठ आणखी मुलांकडे गेले होते, वेगवेगळ्या शाळांत. कुणाकडे ते मला आठवेना. मंदा म्हणाली, पालकांचे ग्रुप असतात, त्यांवर टाकू. मी मजकूर सांगायला लागलो: तांत्रिक कारणामुळे काही नगांमध्ये फरक आढळला असून वगैरे. तिने माझ्याकडे न बघता स्वतःच लिहिलं. जूनमध्ये आमच्याकडून क्रीम रंगाचा रेकॉर्डर घेतला असेल तर घेऊन या, दुकानदाराच्या हातून तो बिघडला आहे, तुमचं मूल बेसूर नाही. शेवटचं वाक्य काढ, असं मी म्हणालो. "तेवढंच महत्त्वाचं आहे," ती म्हणाली आणि पाठवून दिलं.

तो निरोप नाशिकभर फिरला. पेटीवाल्या काकांनी वाद्यं बिघडवली, अशी माझी कीर्ती थेट माझ्या व्याह्यांपर्यंत पोचली. एक जण निळा रेकॉर्डर घेऊन आला, एक गिटार घेऊन. एका गृहस्थाने स्वतःचा गळाही तुमच्यामुळेच बिघडला का, असं फोनवर विचारून घेतलं. हसणाऱ्यांना हसू दिलं. पण आठवड्याभरात आठांपैकी सात आले. सात मुलं स्टुलावर बसली, सात वेळा मी चुकलो म्हणालो. पहिल्या वेळी जड गेलं. चौथ्यापासून सवय झाली. एका मुलाने तर मला, "होतं असं कधी कधी," म्हणून धीर दिला.

आठवा आला नाही. त्या पालकांनी निरोप वाचला नसेल, किंवा गाव सोडलं असेल, किंवा रेकॉर्डर माळ्यावर टाकून मुलाला चित्रकलेला घातलं असेल. त्याचं बरंच झालं असेल असं मी धरून चालतो. पण नवी मुलं दुकानात आली की अजूनही क्रीम रंगाकडे माझं लक्ष जातं. हे लिहितोय त्याचं एक कारण तेही आहे. कुणी वाचत असेल तर घेऊन यावा. काड्या आणि स्पिरिट अजून आहे.

डिसेंबरात शाळेचं गॅदरिंग झालं. टीचरनी आम्हा दोघांना आमंत्रण दिलं होतं. मंदा, मी आणि मधे आप्पा असे पटांगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. पहिलीची चाळीस मुलं रेकॉर्डर घेऊन रांगेने रंगमंचावर आली, सगळ्यांचे निळे कोट, सगळ्यांच्या डोक्यावर कागदी मुकुट. ईश्वरी दुसऱ्या रांगेत कुठेतरी होती, पण मुकुटाखाली कोण कुठली ते मला दिसेना. तेव्हा मी डोळे मिटले आणि कानाने शोधायला लागलो. पेटीतला एक उतरलेला सूर मी खोलीबाहेरून सांगू शकतो, एक पोर सापडणार नाही होय!

गाणं सुरू झालं. मी धाकधुकीने मध्यमाची वाट बघत होतो. तो आला, चाळिसांचा एकदम, जरा कर्कश, जरा मागेपुढे, पण जागेवर. दुसऱ्या ओळीत पुन्हा आला. तिसऱ्या ओळीत मी सगळा जीव कानात आणला. कुठेही काहीही वेगळं निघालं नाही. माझ्या आयुष्यात एखादा सूर शोधून न सापडल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आप्पांनी कोपराने ढोसलं. "शेठ, यातली आपली कोणती वाजती?"

"कळत नाही, आप्पा."

"तुम्हाला बी नाय कळत?"

"नाही हो. सगळ्यांत मिसळून गेलीय."

"मंग जमलं म्हना की," आप्पा म्हणाले, आणि इतका वेळ खुर्चीच्या कडेवर बसलेला तो माणूस पाठ टेकून बसला.